डोंगरावरचा मर्क्युरी आणि हरवलेला पुतळा

आज जायचंय मध्य फ्रान्समध्ये, क्लेरमों-फेराँ शहराजवळच्या पुई-द-दोम या ज्वालामुखीवर. उंची १४६५ मीटर. माथ्यावर वारा, धुकं, हिवाळ्यात बर्फ. देऊळ बांधायची ही जागा आहे का, असं वाटेल. पण रोमन काळात तिथे मोठं मंदिर होतं.

ते सापडलं कसं? १८७०च्या दशकात माथ्यावर वेधशाळा बांधायला घेतली. काम हवामान मोजण्याचं, आणि खणताना लागल्या जुन्या भिंती! मंदिर दुसऱ्या शतकातलं. पण देव कोणता? ते सांगितलं १८७४मध्ये मिळालेल्या काशाच्या छोट्याशा पत्र्यानं. व्हिक्टोरिनस नावाच्या भक्तानं तो 'मर्क्युरी दुमियास'ला अर्पण केला होता. मर्क्युरी रोमनांचा, व्यापाराचा आणि प्रवासाचा देव. 'दुमियास' हे विशेषण मात्र या डोंगराचं. आपल्याकडे देवाला गावाचं नाव चिकटतं ना, तसंच.

गंमत म्हणजे, १६४८मध्ये पास्कलच्या मेहुण्यानं याच डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन हवेचा दाब उंचीबरोबर कमी होतो हे दाखवलं. इंग्रजी-फ्रेंचमध्ये पारा आणि हा देव, दोघांचं नाव एकच!

आता खरा पेच. प्लिनी लिहितो की झेनोडोरस या शिल्पकारानं इथल्या अर्वेर्नी लोकांसाठी मर्क्युरीचा अवाढव्य पुतळा घडवला, दहा वर्षं खपून. मग नीरोनं स्वतःच्या पुतळ्यासाठी त्याला रोमला बोलावलं. मंदिर सापडल्यावर लोकांनी तो पुतळा लगेच माथ्यावर उभा केला, अर्थात मनातल्या मनात. पण तारखा बघा. प्लिनी इसवी सन ७९मध्ये वेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. म्हणजे पुतळा पहिल्या शतकातला, आणि हे मंदिर त्याच्या नंतरचं. जमत नाही.

साधारण २०००च्या सुमारास तिथे पुन्हा उत्खनन झालं आणि आधीच्या, पहिल्या शतकातल्या मंदिराचे अवशेष मिळाले. म्हणजे तारखांची अडचण सुटली. पण तेवढ्यावरून पुतळा इथेच होता म्हणणं मला घाईचं वाटतं. प्लिनी फक्त 'अर्वेर्नींच्या मुलखात' म्हणतो, डोंगराचं नावही घेत नाही. खाली त्यांचं भरभराटीचं शहर होतं, तिथे का नसेल? काशाचे पुतळे पुढे वितळवले जात. त्यामुळे दहा वर्षांच्या कामाचा पत्ता नाही, आणि व्हिक्टोरिनसचा पत्रा मात्र उरलाय.