आरामखुर्ची

दिवाळीला खामगावला घरी गेलो होतो. ओसरीत आजोबांची आरामखुर्ची अजून आहे, आता तिच्यात बाबा असतात. पाच वर्षांपूर्वी मधुमेह निघाला, मागोमाग रक्तदाब. तेव्हापासून दळण भाऊ आणतो, भाजी आई आणते, पाण्याचा पेलासुद्धा हातात मिळतो. "बाबा, तुम्ही बसा" हे सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलेलं आहे.

आजारी माणसानं बसून राहावं हे आलं कुठून? जरा वाचायला घेतलं, तर सुश्रुतसंहिता उलटंच सांगते. मधुमेही निर्धन असेल तर त्यानं अनवाणी, छत्रीशिवाय, भिक्षा मागत, एका गावी एकच रात्र राहत शंभर योजनं किंवा जास्त चालावं! मला तर शेगावहून पायी पंढरपूरला निघणारी पालखीच आठवली. (अनवाणी मात्र नको हं, मधुमेहात पायाची जखम लवकर कळत नाही.)

पाश्चात्त्य वैद्यकात मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हृदयविकाराचा झटका आला की कित्येक आठवडे अंथरुणातून हलायचं नाही, असा दंडक होता. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी रोग्यांना उठवून आरामखुर्चीत बसवलं. म्हणजे तेव्हा ही खुर्ची चक्क क्रांती होती!

पुढच्याच वर्षी जेरी मॉरिस यांचा लंडनच्या बसवरचा अभ्यास आला. बस एकच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दुमजली बसच्या जिन्यावरून वरखाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जुनाट आजार असलेल्यांनाही सांगितलं, की झेपेल तसं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम करा, बसणं कमी करा, त्याऐवजी हलकी हालचालसुद्धा चालेल.

हे सगळं मी बाबांना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "कापसाच्या बाजारात दिवसभर फिरत होतो ना बे मी. बसवलं कोणी?"

यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा त्यांच्याच हातात दिला. आई माझ्यावर चिडली. मी चार पावलं मागे राहून चक्कीपर्यंत गेलो. वाटेत ते दोनदा थांबले, दोन्ही वेळा कुणाशी तरी बोलायला. घरी आल्यावर पाणी स्वतःच्या हातानं घेतलं.

असो. तुमच्या घरातही अशी एखादी खुर्ची असेल, तर तिच्यात कोण बसलंय आणि कोणी बसवलंय, एकदा बघा.