अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांतील सुरक्षितता

पर्यटकांना काही दिवसांसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिका, बंगले व होमस्टे यांत पाहुण्यांच्या जीविताच्या व खासगीपणाच्या रक्षणासाठी जे उपाय योजले जातात, त्यांचा या विषयात समावेश होतो. घरात कायम राहणाऱ्याला विजेचा मेन स्विच, गॅसचा रेग्युलेटर आणि बाहेर पडण्याची वाट ठाऊक असते. पाहुण्याला ती नसते. हॉटेलाप्रमाणे रात्रपाळीचे कर्मचारीही येथे बहुधा नसतात. म्हणून ही माहिती व धोक्याची सूचना देणारी यंत्रे घरातच असणे आवश्यक ठरते.

प्रमुख धोके

कार्बन मोनॉक्साइड : गॅस गिझर, हीटर किंवा शेगडीतील इंधन अपुऱ्या हवेत जळाल्यास हा विषारी वायू तयार होतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडला जातो. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग वा वास नसतो. डोकेदुखी, चक्कर व मळमळ ही त्याची लक्षणे प्रवासाचा थकवा समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथील एका रिसॉर्टच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपलेल्या केरळच्या ८ पर्यटकांचा गुदमरून मृत्यू झाला. त्यांत ४ मुले होती.

आग : झोपेत धुराची जाणीव उशिरा होते. अपरिचित घरात, अंधारात दार शोधण्यात आणखी वेळ जातो.

जलतरण तलाव : लोणावळा, अलिबाग यांसारख्या ठिकाणी तलाव असलेले बंगले भाड्याने मिळतात. कुंपण व जीवरक्षक नसल्यास लहान मुले बुडण्याचा धोका असतो.

उपाययोजना

* गॅस गिझर स्नानगृहाबाहेर, हवेशीर जागी बसवणे व त्याची नियमित तपासणी करणे.
* झोपण्याच्या खोल्यांजवळ धूरसूचक व कार्बन मोनॉक्साइडसूचक यंत्रे लावणे.
* बाहेरचे दार आतून किल्लीविना उघडेल अशी व्यवस्था ठेवणे.
* ११२ या आपत्कालीन क्रमांकासह घराचा पूर्ण पत्ता दर्शनी भागात लावणे; मदत मागताना पाहुण्याला पत्ता सांगता येणे महत्त्वाचे असते.

नियमन

गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीविषयक १९८२ चा कायदा लागू आहे. इंग्लंडमध्ये सशुल्क पाहुण्यांच्या लहान निवासस्थानांसाठी अग्निसुरक्षेची शासकीय मार्गदर्शिका १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. एअरबीएनबी या कंपनीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कॅमेरे बसवण्यास बंदी घातली.