सागरी भोवऱ्यांचे पूर्वानुमान : संख्यात्मक प्रतिमानांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सागरी प्रवाहांच्या पूर्वानुमानाचा इतिहास बहुधा संगणकाच्या वाढत्या क्षमतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हे मत अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

निरीक्षणांचा धक्का :
१९४८ मध्ये हेन्री स्टॉमेल यांनी गल्फ स्ट्रीमसारखे प्रबळ प्रवाह महासागराच्या पश्चिम काठाशी का एकवटतात, याची गणिती मीमांसा केली. त्या मांडणीतील महासागर स्थिर होता. १९५९-६० मध्ये 'एरीज' या नौकेवरून बर्म्युडाजवळ जॉन स्वॅलो यांचे तरंगक खोल पाण्यात सोडण्यात आले. तेथील पाणी अतिमंद वाहत असावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ते कित्येक पट वेगाने आणि दिशा बदलत वाहताना आढळले. १९७० चा सोव्हिएत 'पॉलिगॉन' आणि १९७३ चा 'मोड' या प्रयोगांनी हे भोवऱ्यांचे कार्य असल्याचे सिद्ध केले.

प्रतिमानांची वाटचाल :
कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये जागतिक महासागराच्या अभिसरणासाठी संख्यात्मक पद्धत मांडली. परंतु तत्कालीन प्रतिमानांतील गणनबिंदूंचे जाळे विरळ असल्याने भोवरे त्यातून निसटत. जाळे दाट करून हॉलंड व लिन यांनी १९७५ मध्ये दाखविले की, वारा स्थिर असतानाही प्रवाहाच्या अंगभूत अस्थैर्यातून भोवरे निर्माण होतात. याचा अर्थ, केवळ वाऱ्याच्या माहितीवरून भोवऱ्याचे स्थान सांगता येणार नाही. तो आज कोठे आहे, हे प्रथम मोजावे लागेल. सेम्टनर व शेर्विन यांच्या १९८८ च्या जागतिक प्रतिमानात भोवरे अवतरले. तथापि विशिष्ट दिवशीचा विशिष्ट भोवरा त्यातून मिळणे शक्य नव्हते.

ही उणीव उपग्रहांनी भरून काढली. १९९२ मध्ये सोडलेल्या 'टोपेक्स/पोसायडन' उपग्रहाने समुद्रपृष्ठाची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने मोजली. अशी निरीक्षणे प्रतिमानात सामावून घेतल्यावरच पूर्वानुमान व्यवहार्य झाले.

व्यावहारिक महत्त्व :
एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' दुर्घटना घडली. सांडलेले तेल लूप प्रवाहाबरोबर फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीकडे जाईल काय, हा चिंतेचा प्रश्न होता. त्याच सुमारास एक मोठा भोवरा या प्रवाहापासून विलग झाला आणि तेलाचा तो मार्ग बव्हंशी खुंटला. किनाऱ्यांचे भवितव्य एका भोवऱ्यावर अवलंबून होते.

निष्कर्ष :
संगणकाने भोवऱ्यांची गणना शक्य केली. त्यांच्या पूर्वानुमानाचा आधार मात्र निरीक्षणांनी पुरविला. म्हणून उपग्रह व तरंगकांच्या निरीक्षणात खंड पडल्यास सर्वाधिक सामर्थ्यशाली प्रतिमानही काही आठवड्यांतच वास्तवापासून दुरावेल.