विदर्भ गृहनिर्माण मंडळ : नागपूरच्या कायद्यापासून वाशिमच्या वेशीपर्यंत

वाशिमच्या माणसाला आज म्हाडाच्या, म्हणजे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाच्या, घराची चौकशी करायची असेल, तर त्याची वाट अमरावतीला जाते. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशिम हे पाच जिल्हे म्हाडाच्या अमरावती मंडळाच्या अखत्यारीत येतात. म्हाडा म्हटले की वर्तमानपत्रांतून मुंबईची सोडत तेवढी डोळ्यांसमोर येते. पण आपल्याकडच्या गृहनिर्माण मंडळाचे मूळ मुंबईत नाही, नागपुरात आहे, आणि ते महाराष्ट्र राज्याहूनही जुने आहे.

१९५० साली वऱ्हाड मध्य प्रदेशात होते आणि राजधानी नागपूर होती. त्या वर्षी तिथे गृहनिर्माण मंडळाचा कायदा झाला. मुंबई राज्यात असाच कायदा दोन वर्षे आधी, १९४८ मध्ये झाला होता. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशच्या मंडळाचा वारसा घेऊन विदर्भ गृहनिर्माण मंडळ उभे राहिले. राज्य बदलले, राजधानी बदलली, कायदा मात्र १९५०चाच राहिला. उरलेल्या महाराष्ट्रासाठी महाराष्ट्र गृहनिर्माण मंडळ वेगळे होते. एका राज्यात दोन गृहनिर्माण मंडळे अशी ही व्यवस्था सतरा वर्षे चालली.

या मंडळाने केलेला बदल समजायचा तर त्याआधीचे घर आठवावे लागते. वऱ्हाडात तयार घर विकत घेण्याची रीत नव्हती. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर धाबे किंवा कवेलू, पुढे ओसरी आणि मागे परस, असे घर ज्याचे तोच बांधायचा. गवंडी आणि सुतार गावातलेच, सागवान ऐपतीप्रमाणे. पैसा आला की एक खोली वाढायची, भाऊ वेगळे झाले की मधे भिंत उभी राहायची. शेती असलेल्याचे यात भागत होते. पण बदलीवर आलेला शिक्षक, कचेरीतला कारकून, गिरणीतला कामगार यांना गावात ना जागा, ना एकरकमी पैसा. भाड्याच्या खोलीतच त्यांची नोकरी संपायची.

त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या दोन योजना आल्या. १९५२ची औद्योगिक कामगारांच्या घरांची अनुदानित योजना आणि १९५४ची अल्प उत्पन्न गटाची योजना. दुसऱ्या योजनेत घराच्या खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त ८,००० रुपये कर्ज मिळे. मंडळाचे काम जागा मिळवायचे, आखणी करायचे, बांधायचे आणि वाटप करायचे. भाडेखरेदीच्या पद्धतीत माणूस घरात आधी राहायला जाई, हप्ते भरत राही आणि शेवटी घर त्याच्या नावावर होई. नागपुरातल्या रघुजीनगरसारख्या वसाहती या धोरणातून उभ्या राहिल्या. घरे लहान होती, एकसारखी होती, शोभेला वाव नव्हता. पण ज्या माणसाच्या घराण्यात कुणी नोकरीच्या गावी स्वतःचे घर केले नव्हते, त्याला महिन्याच्या पगारातून ते करता आले. मंडळाचे सर्वांत मोठे काम मी हेच मानतो. बांधलेल्या गाळ्यांच्या आकड्यात ते मावत नाही.

हे काम वाशिमपर्यंत मात्र फार पातळ होऊन पोचले. त्याची कारणे जुनी आहेत. वाशिमची नगरपालिका १८६९ची, विदर्भातल्या जुन्या नगरपालिकांपैकी एक. वाशिम जिल्ह्याचे ठिकाणही होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि वाशिम अकोल्याचा तालुका झाला. सरकारी घरे कचेऱ्यांच्या मागे जातात, आणि कचेऱ्या अकोल्याला गेल्या होत्या. कामगारांच्या घरांसाठी बारमाही गिरण्या लागत. नागपूरला एम्प्रेस, अकोल्याला सावतराम, बडनेऱ्याला विजय मिल होती. वाशिम, कारंजा भागात कापसाचे जिनिंग होते, पण ते हंगामापुरते. हंगाम संपला की मजूर आपापल्या गावी परतत. नागपूरला तर मंडळाच्याही आधी, १९३६च्या कायद्याने, सुधार प्रन्यास मिळाला होता. मोठ्या शहराला दोन-दोन संस्था आणि तालुक्याच्या गावाला एकटी नगरपालिका, ही विषमता त्या काळच्या धोरणातच होती. तिची किंमत वाशिमने मोजली.

५ डिसेंबर १९७७ रोजी म्हाडा अस्तित्वात आली. महाराष्ट्र गृहनिर्माण मंडळ, विदर्भ गृहनिर्माण मंडळ, मुंबईचे इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ तिच्यात विलीन झाली. मुख्यालय वांद्र्याला. एकत्रीकरणाने पैसा आणि यंत्रणा मोठी झाली, हे खरे. पण विदर्भाच्या नावाचे मंडळ कागदावरून गेले आणि मुंबईचा जागेचा प्रश्न साऱ्या संस्थेचा पहिला प्रश्न झाला. पुढे नागपूर आणि अमरावती अशी विभागीय मंडळे झाली, तेव्हा निदान दार जवळ आले.

वाशिमची खरी वाढ सुरू झाली ती १ जुलै १९९८ रोजी जिल्हा पुन्हा मिळाल्यावर. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक यांची कार्यालये आली आणि त्यांच्याबरोबर नोकरदार कुटुंबे आली. ९३ वर्षांपूर्वी जे गेले होते ते परत आले. आययूडीपी कॉलनी, सिव्हिल लाइन्स, लाखाळा या बाजूंनी गाव पसरत गेले. १९०१ साली १३,८२३ लोकवस्तीचे हे गाव २०११ च्या जनगणनेत ७८,३८७ वर पोचले होते. या वाढीत भूखंड पाडून विकणारे खासगी लोक पुढे होते. लेआउट आधी पडले, नाल्या आणि रस्ते मागून आले, काही ठिकाणी अजून यायचे आहेत. जुन्या मंडळाच्या वसाहतीत निदान रस्ता, मोकळी जागा आणि पाणी यांची आखणी घराच्या आधी होई. ती शिस्त या वाढीच्या वेळी वाशिमला हवी होती. २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली, तिच्या शहरी भागासाठी राज्यात म्हाडाच समन्वयाची यंत्रणा आहे. म्हणजे १९५०च्या कायद्याचा वारस पुन्हा वाशिमच्या लाभार्थ्यासमोर उभा आहे, फक्त नाव वेगळे आहे.

विदर्भ गृहनिर्माण मंडळाचा इतिहास एकसलग वाचायला मिळायला हवा. त्याचे कागद घराघरांत, लोखंडी पेट्यांत पडून आहेत : वाटपपत्रे, हप्त्याच्या पावत्या, घराचे नकाशे, विदर्भ गृहनिर्माण मंडळाचा शिक्का असलेली पत्रे. ज्यांच्या आजोबांनी किंवा वडिलांनी अकोला, अमरावती, नागपूर वा वाशिममध्ये असे घर घेतले, त्यांनी हे कागद रद्दीत घालू नयेत. त्यांची एक प्रत जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागात द्यावी, आणि म्हाडाच्या अमरावती मंडळाने आपल्या जुन्या वसाहतींची वर्षवार यादी लोकांसाठी खुली करावी.