ध्वनिफितीवरून फ्लॉपीवर : जुन्या संगणकांतील सॉफ्टवेअरचे स्थलांतर

नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या घरातील कॅसेटचा जुना डबा उघडला, तर त्यातून भजने, भावगीते आणि चित्रपटगीते निघतील. १९८०च्या दशकात मात्र अशाच कॅसेटवर जगभर संगणकाची सॉफ्टवेअरही साठवली जात. घरगुती संगणक टेपरेकॉर्डरला जोडायचा, कळ दाबायची आणि मिनिटभराने, कधी चार मिनिटांनी पडद्यावर कार्यक्रम उमटण्याची वाट पाहायची, अशी ती रीत होती. पुढे फ्लॉपी डिस्क आवाक्यात आल्यावर कॅसेटवरचा संग्रह तिच्यावर उतरवण्याची निकड निर्माण झाली. हे काम गाण्याची प्रत काढण्याइतके सरळ नव्हते. ते का नव्हते, हे समजल्याखेरीज आज उरलेल्या कॅसेट वाचवता येणार नाहीत.

भारतातील पार्श्वभूमी

भारतीय शाळांच्या दृष्टीने या पिढीतील सर्वांत महत्त्वाचा संगणक म्हणजे 'बीबीसी मायक्रो'. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणला. ब्रिटिश नभोवाणीच्या संगणक साक्षरता मोहिमेसाठी त्याची निवड झाली होती. भारतात १९८४-८५ साली 'क्लास' हा शालेय संगणक साक्षरतेचा पथदर्शी प्रकल्प याच यंत्रावर सुरू झाला. एकूण १२ हजार संगणक राज्य सरकारांमार्फत उच्च माध्यमिक शाळांना देण्यात आले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने परवान्याखाली 'युनिकॉर्न' या नावाने हा संगणक तयार केला. १९८६ साली डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने सिंक्लेअरच्या 'स्पेक्ट्रम प्लस'ची परवानाप्राप्त आवृत्ती भारतीय बाजारात आणली. या दोन्ही यंत्रांना साधी ऑडिओ कॅसेट चालत असे.

फितीवर नेमके काय असते?

संगणकाची कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरवर वाजवली तर कर्कश किरकिर ऐकू येते. ती किरकिर म्हणजेच माहिती. बीबीसी मायक्रोमध्ये 'एक' हा अंक २४०० हर्ट्झच्या दोन लहरींनी आणि 'शून्य' हा अंक १२०० हर्ट्झच्या एका लहरीने नोंदवला जातो. वेग सेकंदाला १२०० बिट. प्रत्येक बाइटमागे आरंभ आणि अंत दाखवणारे दोन बिट जादा लागत असल्याने सेकंदाला जेमतेम १२० बाइट वाचले जातात. म्हणजे २० किलोबाइटच्या कार्यक्रमाला तीन ते चार मिनिटे हवीत.

ही माहिती सलग नसते. तिचे जास्तीत जास्त २५६ बाइटचे तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक तुकड्याच्या आरंभी फाइलचे नाव, तुकड्याचा क्रमांक आणि ती स्मृतीत कोठे ठेवायची याचा पत्ता असतो. शिवाय वाचनात चूक झाली का, हे पडताळणारी बेरीजही असते. एखादा तुकडा नीट वाचला गेला नाही, तर फीत थोडी मागे घेऊन तेवढाच भाग पुन्हा वाचता येतो. जुनी फीत वाचवताना ही सोय फार मोलाची ठरते.

खरी अडचण स्मृतीची

फ्लॉपीने वेळेचा प्रश्न सोडवला. मिनिटांचे काम सेकंदांत होऊ लागले. ४० मार्गांच्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एका बाजूवर १०० किलोबाइट मावत. परंतु त्या सोयीची किंमत संगणकाला स्मृतीच्या रूपाने मोजावी लागे.

बीबीसी मायक्रोच्या 'बी' नमुन्यात एकंदर ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट स्मृती होती. रंगीत चित्रे दाखवणाऱ्या पद्धतीत त्यातील २०,४८० बाइट एकट्या पडद्यासाठी खर्च होत. उरलेल्या १२,२८८ बाइटपैकी पहिले ३,५८४ यंत्राच्या अंतर्गत कामासाठी राखीव. कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रात कार्यक्रमासाठी ८,७०४ बाइट शिल्लक राहत. फ्लॉपीची यंत्रणा बसवली की तिला आणखी २,८१६ बाइट लागत आणि हाती उरत केवळ ५,८८८. त्यामुळे कॅसेटवरून उत्तम चालणारा खेळ किंवा पाठ फ्लॉपीवर उतरवला की 'जागा नाही' असे सांगून बंद पडे. प्रत अचूक असूनही ती निरुपयोगी ठरत असे.

स्थलांतराची रीत

बेसिक भाषेतील लहान कार्यक्रमांचे काम सोपे होते. यंत्राला कॅसेटवरून वाचण्याची आज्ञा द्यायची, कार्यक्रम स्मृतीत घ्यायचा, मग फ्लॉपीची आज्ञा देऊन तो जतन करायचा.

मोठ्या कार्यक्रमांसाठी एक युक्ती रूढ झाली. कार्यक्रम फ्लॉपीवरून ६,४०० या पत्त्यापासून पुढे वाचून घ्यायचा. वाचन संपले की फ्लॉपीच्या यंत्रणेची गरज उरत नाही. तेव्हा यंत्राला पुन्हा कॅसेटच्या पद्धतीवर आणायचे, संपूर्ण कार्यक्रम ३,५८४ या मूळ पत्त्यावर खाली सरकवायचा आणि मग सुरू करायचा. हे सरकवण्याचे काम करणाऱ्या दोन-तीन ओळी कार्यक्रमाच्या आधी जोडल्या जात. मात्र असा कार्यक्रम चालू असताना फ्लॉपीवर काहीही लिहिता-वाचता येत नसे.

यंत्रभाषेतील सॉफ्टवेअरचे पत्ते ठरलेले असत. ते आधी वरच्या पत्त्यावर वाचून, त्याची लांबी आणि सुरू होण्याचा मूळ पत्ता टिपून मगच फ्लॉपीवर जतन करावे लागे. हे आकडे पडद्यावर दाखवणारी आज्ञा यंत्रातच होती.

आणखी दोन गोष्टी नवख्याला अडवत. कॅसेटवर फाइलचे नाव दहा अक्षरांचे चाले, फ्लॉपीवर सातच अक्षरांचे. आणि कॅसेटवर नाव न देता 'पुढची फाइल वाच' असे सांगता येई. फितीला क्रम असतो, म्हणून ते शक्य होते. फ्लॉपीला असा क्रम नाही. त्यामुळे अनेक भागांच्या कार्यक्रमात पुढच्या भागाला हाक मारणारी प्रत्येक ओळ शोधून तेथे नाव घालावे लागे. काही व्यावसायिक कॅसेटवरील फायली केवळ चालवता येतील, पण नुसत्या स्मृतीत घेता येणार नाहीत, अशा कुलूपबंद केलेल्या असत. अशा कॅसेटची प्रत काढणे साध्या आज्ञांनी जमत नसे.

आज काय करावे?

हदगाव परिसरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि त्यामागोमाग पावसाळ्याची दमट हवा येते. उष्णतेने कॅसेटचे कवच वाकते, फितीला डोक्याशी दाबून धरणारी लहान गादी निखळते आणि ओलाव्याने बुरशी धरते. बुरशी दिसत असल्यास कॅसेट थेट वाजवू नये. एरवी टेपरेकॉर्डरचे डोके स्पिरिटने स्वच्छ करावे, खरखर कमी करणारी डॉल्बीची कळ बंद ठेवावी आणि कॅसेटच्या वरच्या कडेची खाच तोडलेली आहे ना, हे पाहावे. तशी असल्यास चुकून मजकूर पुसला जात नाही. सव्वापाच इंची फ्लॉपीचा नियम उलटा आहे. तिची खाच चिकटपट्टीने झाकली की ती सुरक्षित होते.

आता कॅसेटवरून थेट फ्लॉपीवर जाणे हा शहाणपणाचा मार्ग नाही, कारण फ्लॉपीही मरणपंथाला लागली आहे. सोनी कंपनीने २०११ साली साडेतीन इंची फ्लॉपीची विक्री थांबवली. म्हणून आधी कॅसेटचा आवाज आजच्या संगणकात, सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने आणि आकुंचन न करता नोंदवावा. एमपी३ स्वरूप टाळावे. त्यात लहरींचा आकार बिघडतो. या नोंदीतून मूळ फाइल वेगळी काढणारी साधने उपलब्ध आहेत. ती फाइल जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रणालीवर तपासावी. खरे यंत्र चालू स्थितीत असेल, तर नंतर फ्लॉपी किंवा तिच्या जागी बसणारे मेमरी कार्डाचे उपकरण वापरावे.

कायद्याचे भानही हवे. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक कार्यक्रमाची प्रत नाश किंवा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून काढता येते. ती वाटण्याचा किंवा विकण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

एक धडा

ब्रिटनमध्ये १९८६ साली 'डोम्सडे' प्रकल्पात दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या परिसराची माहिती व छायाचित्रे गोळा केली. ती लेझर तबकड्यांवर साठवून एकॉर्नच्याच संगणकावर वाचण्याची व्यवस्था होती. पंधरा-सोळा वर्षांत ती यंत्रे दुर्मीळ झाली आणि एवढा मोठा ठेवा वाचायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला. २००२ साली लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करून तो पुन्हा वाचता येईल, हे दाखवून दिले. १०८६ साली चर्मपत्रावर लिहिलेले मूळ डोम्सडे पुस्तक मात्र आजही वाचता येते.

बाजारात विकल्या गेलेल्या खेळांच्या प्रती कोठे ना कोठे सापडतील. एखाद्या शिक्षकाने वर्गासाठी लिहिलेला गणिताचा पाठ किंवा विद्यार्थ्याने रचलेला पहिला कार्यक्रम यांची प्रत बहुधा एकच असते, आणि ती पेनाने नाव लिहिलेल्या एखाद्या कॅसेटवर असते. तो डबा टाकून देण्यापूर्वी त्यातील प्रत्येक कॅसेट एकदा ऐकून पाहावी. गाण्याऐवजी किरकिर ऐकू आली, तर ती बाजूला काढून ठेवावी.