जत्रेतला एक दिवस कोणाच्या वाट्याला? (धागा)

‘दिवसभर जत्रेत फिरून आलो’ हे वाक्य कोणत्याही भाषेत निरुपद्रवीच वाटते. आजच्या धाग्यात या वाक्यातील ‘दिवस’ या शब्दाचा इतिहास पाहू. स्थळ आहे अमेरिकेतील डॅलस शहर आणि तेथे भरणारी ‘स्टेट फेअर ऑफ टेक्सास’, म्हणजे टेक्सास राज्याची जत्रा.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. आपल्या जत्रेच्या केंद्रस्थानी देव असतो. अमेरिकन राज्य-जत्रेच्या केंद्रस्थानी मात्र गाय, मेंढी, भोपळा आणि नांगर असतात. १८०७ साली एल्काना वॉटसन या गृहस्थाने मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गावात आपल्या दोन मेरिनो मेंढ्या लोकांना पाहण्यासाठी चौकात बांधल्या. ही गर्दी पाहून त्याला कृषिप्रदर्शनाची कल्पना सुचली, अशी परंपरागत कथा आहे. राज्य पातळीवरची पहिली जत्रा १८४१ साली न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे भरली. उत्तम वाणाला बक्षीस मिळावे, शेजारच्या शेतकऱ्याने ते पाहावे आणि पुढच्या वर्षी स्वतः तसे पिकवावे, असा तिचा हेतू होता.

डॅलसची जत्रा १८८६ची. जागेवरून भांडण झाल्याने त्या वर्षी शहरात एकाच वेळी चक्क दोन प्रतिस्पर्धी जत्रा भरल्या. दोघांनाही तोटा झाला आणि पुढच्याच वर्षी दोघे एक झाले. (वादात तोटा हा मध्यस्थाचे काम किती चोख करतो!) पुढे १९०४ साली आर्थिक अडचणीमुळे जत्रेची जमीन डॅलस शहराला विकण्यात आली. हा तपशील कृपया लक्षात ठेवावा. त्या क्षणापासून ते मैदान सार्वजनिक मालमत्ता झाले आणि कर भरणाऱ्या प्रत्येक नागरिकाचे झाले.

आज सप्टेंबरअखेरीस सुरू होऊन २४ दिवस चालणाऱ्या या जत्रेत कोणीही दिवसभर रमावे अशी स्थिती आहे. ‘बिग टेक्स’ नावाचा ५५ फुटी काउबॉय पुतळा येणाऱ्यांचे बोलून स्वागत करतो. हा मुळात केरेन्स नावाच्या गावातला सांताक्लॉज. तो १९५२ साली वेषांतर करून डॅलसला आला, २०१२ साली जळाला आणि पुढच्याच वर्षी नव्याने उभा राहिला. मक्याच्या पिठात बुडवून तळलेले काडीवरचे सॉसेज, म्हणजे ‘कॉर्नी डॉग’, हातात घेऊन लोक गुरांच्या स्पर्धा पाहतात. २१२ फूट उंचीचा आकाशपाळणा आहे. ‘कॉटन बोल’ मैदानावर टेक्सास आणि ओक्लाहोमा विद्यापीठांचा फुटबॉल सामना असतो. आणि १९३६ साली टेक्सासच्या शताब्दी प्रदर्शनासाठी उभारलेल्या देखण्या आर्ट डेको इमारती आजही उभ्या आहेत.

आता दिवसाकडे येऊ. जुन्या जत्रांत एकेक दिवस कोणाच्या तरी नावे राखून ठेवण्याची प्रथा होती. कधी मुलांचा दिवस, कधी एखाद्या गावाचा, कधी एखाद्या संस्थेचा. त्या दिवशी त्या मंडळींचा मान, मिरवणूक, भाषणे. १८८९ साली डॅलसच्या या यादीत ‘कलर्ड पीपल्स डे’ आला, म्हणजे कृष्णवर्णीयांचा दिवस. वरवर पाहता हाही सन्मानच. परंतु इतरांचा दिवस संपला तरी जत्रेचे बाकीचे दिवस त्यांचेच असत. कृष्णवर्णीयांसाठी मात्र हा दिवस म्हणजे वर्षाचा शिधा होता. एकच शब्द, एकच यादी आणि दोन पूर्णपणे वेगळे अर्थ. वंशभेदाचा इतिहास वाचताना ‘प्रवेश बंद’च्या पाट्या चटकन दिसतात, मानपत्राच्या भाषेत लिहिलेली बंदी ओळखणे अवघड जाते, असे मला वाटते.

१९१०च्या सुमारास तो एक दिवसही काढून टाकला गेला. पुढे १९२३च्या यादीत काय होते? २४ ऑक्टोबर, ‘कू क्लक्स क्लान दिवस’. क्लानचा तत्कालीन सर्वोच्च नेता हायरम इव्हान्स हा डॅलसचाच दंतवैद्य. त्या दिवशी त्याने जत्रेत भाषण केले आणि हजारो सदस्यांना समारंभपूर्वक दीक्षा देण्यात आली. हे सारे शहराच्या मालकीच्या मैदानावर घडले.

१९३६च्या शताब्दी प्रदर्शनात कृष्णवर्णीयांचे स्वतंत्र दालन असावे म्हणून ए. मॅसिओ स्मिथ आदी डॅलसच्या कृष्णवर्णीय नेत्यांनी खटपट केली. राज्याने पैसे दिले नाहीत. शेवटी केंद्र सरकारच्या निधीतून ‘हॉल ऑफ निग्रो लाइफ’ उभा राहिला. (‘निग्रो’ हा त्या काळचा रूढ शब्द, आज तो वापरत नाहीत.) उद्घाटन १९ जून रोजी झाले. १८६५ साली याच तारखेला गॅल्व्हेस्टनमध्ये टेक्सासमधील गुलामांच्या मुक्तीची घोषणा झाली होती. चित्रकार आरन डग्लस यांनी या दालनासाठी चार भित्तिचित्रे काढली. चार लाखांहून अधिक लोकांनी दालन पाहिले आणि त्यांत गोऱ्यांची संख्या मोठी होती. प्रदर्शन संपले. इतर भव्य इमारती राहिल्या, हे दालन मात्र लगेच पाडण्यात आले. डग्लस यांच्या चारपैकी दोनच चित्रे आज उपलब्ध आहेत. एक वॉशिंग्टनमध्ये, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोत.

त्याच वर्षी राखीव दिवस परतला, नाव मिळाले ‘निग्रो अचीव्हमेंट डे’. कर्तृत्वाचा दिवस! पन्नाशीच्या दशकात दार थोडे किलकिले झाले, इतर दिवशीही आत येता येऊ लागले. पण उपाहारगृहे आणि काही पाळणे बंदच राहिले. विशेषतः ज्या खेळांत गोऱ्या-काळ्या शरीरांचा स्पर्श होण्याची शक्यता होती, ते. स्पर्शाची ही भीती मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

ऑक्टोबर १९५५मध्ये नेमक्या त्या ‘कर्तृत्व दिनी’ जत्रेच्या दारात शाळकरी मुले फलक घेऊन उभी राहिली. एका पाळण्यात बसण्यासाठी आपला स्वाभिमान विकू नका, असे ती आपल्याच लोकांना सांगत होती. वर्षात मिळणारा एकमेव मोकळा दिवस नाकारायला त्या वयात किती बळ लागले असेल? त्यांच्यामागे उभ्या होत्या ‘एनएएसीपी’च्या युवा शाखेच्या मार्गदर्शक हुआनिटा क्राफ्ट. १९१८ साली त्यांच्या आईला क्षय झाला, तेव्हा वर्णामुळे सरकारी क्षयरुग्णालयात दाखल करून घेतले नाही. त्यातच ती गेली. क्राफ्ट यांनी पुढे डॅलसच्या एका हॉटेलात मोलकरणीचे काम केले. १९४४ साली डॅलस काउंटीत मतदान करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री त्याच.

एका दिवसाच्या निदर्शनाने जत्रा बदलली नाही. भेदाचे उरलेसुरले नियम साठच्या दशकात गळून पडले आणि राखीव दिवसही यादीतून गेला. १९७५ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, क्राफ्ट डॅलसच्या नगरपरिषदेवर निवडून आल्या. जत्रेचे मैदान तेव्हाही शहराच्याच मालकीचे होते.