कोंबडीच्या तळपायाची गाठ

कोंबडीच्या तळपायाला जखम होऊन तिच्यात जंतू शिरल्याने होणारा विकार. इंग्रजी नाव बंबलफूट. जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा जंतू कातडीवर आणि खुराड्यात एरवीही असतोच. त्याला आत शिरायला वाट मिळते ती ओरखड्यातून, रुतलेल्या काट्यातून, नाहीतर सतत ओल राहून मऊ पडलेल्या कातडीतून. म्हणून दुखणे पायाला दिसत असले तरी ते मुळात जमिनीचे आणि बसायच्या दांडीचे आहे, आणि घरगुती उपचार तिथूनच सुरू केला पाहिजे. धारवाडच्या मळमड्डीत घरामागच्या परसात चार-सहा कोंबड्या पाळायच्या, तर जून ते सप्टेंबर हा काळ जपण्याचा. पावसाची रिपरिप चालू असते, कोंबडी दिवसभर चिखलात उकरते आणि उंचावरून थेट दगडी फरशीवर उतरते. हलक्या जवारी कोंबडीला ती उडी सोसते. बंगळूरच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराजा जात अंगाने भारी; तिचा सगळा भार प्रत्येक उडीला त्या दोन तळव्यांवर येतो.

पाय उलटा करून पाहिला की मधोमध काळी, घट्ट खपली दिसते, माणसाच्या पायाच्या कुरपासारखी. भोवती लाली, सूज आणि ऊब. इथे बहुतेकांचा हात ब्लेडकडे जातो: गळू पिकले की फोडावे, हा आपला घरचा अनुभव. पण पक्ष्याचा पू वाहत नाही. तो पनीरासारखा घट्ट गोळा होऊन बसतो, त्यामुळे चीर देऊन दाबले तर बाहेर काही येत नाही, उलट जंतू खाली कंडरांपर्यंत आणि सांध्यापर्यंत ढकलले जातात. ‘गाठ काढल्याशिवाय बरी कशी होणार?’ हा प्रश्न रास्तच आहे. खोल, कडक गाठ काढावीच लागते. पण ते भूल देऊन करायचे काम आहे, पशुवैद्याचे. जागा बधिर करणारी औषधे पक्ष्यांना थोड्या जास्त मात्रेतही घातक ठरतात, म्हणून माणसांची बधिर करणारी मलमे घरी लावू नयेत. सूज नुकतीच आलेली आणि खपली वरवरची असेल, तर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून पाय दहा-पंधरा मिनिटे बुडवावा, पुसून कोरडा करावा, पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि गॉजची पट्टी बोटे मोकळी ठेवून, फार न आवळता बांधावी. पट्टी रोज किंवा एकाआड एक दिवस बदलावी. ओली झाली तर लगेच. हळदीची पूड दाबून भरली की जखम झाकते आणि आत काय चालले आहे ते कळत नाही.

दुसरा आक्षेप असा की प्रतिजैविकाची गोळी दिली तर एवढा खटाटोप कशाला? त्या घट्ट गोळ्यात रक्तपुरवठा जवळपास नसतो, त्यामुळे औषध तिथपर्यंत नीट पोहोचतच नाही. शिवाय त्याचा अंश अंड्यात उतरतो आणि ती अंडी घरची मुलेच खातात. भारतात 2019 साली पशुखाद्यात व जनावरांत बंदी घातलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर या जंतूवर चालतही नाही. प्रतिजैविक द्यायचेच तर पशुवैद्याच्या सांगण्यावरून, आणि अंडी किती दिवस टाकायची तेही त्यांनाच विचारून. पायावरचे खवले उचललेले, खरखरीत दिसत असतील तर ते खवल्यांच्या किडीचे दुखणे, त्याचा उपाय निराळा. त्यावर रॉकेल ओतण्याची रीत कातडी जाळते.

मलमपट्टी चालू असतानाच खुराडे बदलावे, नाहीतर पाय बरा होऊन पुन्हा सुजतो. कलघटगीकडे भात पिकतो, तेव्हा भाताचे तूस जवळच मिळते. ते जाडसर पसरावे आणि ओले झाले की काढून टाकावे. दांडी साधारण पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोल घासलेल्या, आणि भारी कोंबडीसाठी आपल्या गुडघ्याहून खाली. खालची फरशी पोत्यांनी झाकावी. एक कोंबडी लंगडली की बाकीच्यांचेही तळवे त्याच संध्याकाळी उलटून पाहावेत. त्यांचीही दांडी तीच असते.